स्कॉटिश रायलवरचा काउंटरमार्क कसा तपासावा: खरेदीआधीपासून जपणुकीपर्यंत

नाणी जमवणारी मंडळी मला फोटो पाठवतात, त्यात एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. छापेचा एकच जवळून काढलेला फोटो, आणि प्रश्न: "हे थिसल खरं का?" नाणं कोणाच्या नावाचं, वजन किती, मागची बाजू कशी, यातलं काहीच सोबत नसतं. अशा फोटोवरून हो किंवा नाही म्हणणारा माणूस तुमचं नुकसान करतोय, हे पक्कं लक्षात ठेवा. काउंटरमार्क, म्हणजे नाणं पाडून झाल्यावर त्यावर वेगळी मारलेली छाप, नाण्यापासून सुटा करून तपासता येत नाही. आधी मूळ नाणं, मग छाप, मग त्या दोघांचं नातं. हा क्रम उलटला की खरं नाणं खोटं ठरतं आणि खोटं नाणं चांगल्या किमतीला गळ्यात पडतं.

हा लेख १५६५ ते १५७१ या काळात हातोड्याने ठोकून पाडलेल्या मोठ्या स्कॉटिश चांदीच्या नाण्यांबद्दल आहे: रायल, दोन-तृतीयांश रायल आणि एक-तृतीयांश रायल. १५७८ मध्ये या नाण्यांची किंमत वाढवली गेली आणि वाढीव किमतीची खूण म्हणून त्यांवर मुकुट घातलेल्या थिसलचा छोटा शिक्का मारला गेला. थिसल म्हणजे स्कॉटलंडचं काटेरी राष्ट्रीय फूल.

## १. तयारी: आकडे आणि साधनं

बोली लावण्याआधी हे आकडे एका कागदावर लिहून डोळ्यांसमोर ठेवा.

- रायल: मूळ किंमत ३० शिलिंग, वजन सुमारे ३०.६ ग्रॅम, १५७८ नंतर ३६ शिलिंग ९ पेन्स
- दोन-तृतीयांश: २० शिलिंग, सुमारे २०.४ ग्रॅम, नंतर २४ शिलिंग ६ पेन्स
- एक-तृतीयांश: १० शिलिंग, सुमारे १०.२ ग्रॅम, नंतर १२ शिलिंग ३ पेन्स

१२ पेन्सचा एक शिलिंग. हिशेब करून पाहा, तिन्हींची वाढ बरोबर साडेबावीस टक्के भरते. विक्रेत्याच्या वर्णनात दुसरेच आकडे असतील तर त्याने वर्णन कुठून तरी उचललंय असं समजा.

हे शिलिंग स्कॉट्स आहेत, इंग्लिश नाहीत. इंग्लंडमध्ये सहाव्या एडवर्डचा १५५१ चा चांदीचा क्राउन सुमारे ३१ ग्रॅमचा होता आणि तो फक्त ५ इंग्लिश शिलिंगना चालत होता. जवळपास तेवढ्याच चांदीचं स्कॉटिश नाणं ३० शिलिंगचं. हा फरक डोक्यात नसला की "तीस शिलिंगचं प्रचंड किमतीचं नाणं" अशा जाहिरातींना माणूस भुलतो.

साधनं फार लागत नाहीत. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा (सराफाकडे असतो तसा), दहापट दाखवणारं भिंग, मिलिमीटरचा कॅलिपर, एका बाजूने प्रकाश टाकता येईल असा छोटा दिवा आणि मऊ कापड. कसोटीचा दगड यात नाही, तो मुद्दाम वगळलाय. जुन्या नाण्याची कड दगडावर घासून कस पाहणं म्हणजे नाण्याला कायमची जखम करणं.

## २. मूळ नाणं ओळखा

इथे घाई करू नका, पुढचं सगळं यावरच उभं आहे. या सहा-सात वर्षांत नाण्यावरचं नाव दोनदा बदललं.

मेरी आणि हेन्री. राणी मेरीने जुलै १५६५ मध्ये हेन्री डार्नलीशी लग्न केलं. त्यानंतरच्या नेहमीच्या रायलवर एका बाजूला मुकुटाखाली ढाल आणि ढालीच्या दोन्ही अंगांना थिसल. दुसऱ्या बाजूला एक झाड, त्याच्या खोडावरून चढणारं कासव आणि झाडाला गुंडाळलेल्या पट्टीवर 'दात ग्लोरिया विरेस' ही लॅटिन अक्षरं, म्हणजे 'कीर्ती बळ देते'. कडेच्या लेखाची सुरुवात 'एक्सुर्गात देउस' अशी. या नाण्याला 'क्रुकस्टन डॉलर' असंही म्हणतात, कारण झाड क्रुकस्टनच्या किल्ल्याजवळचं यू वृक्ष असल्याची आख्यायिका आहे. मूळ हुकुमात मात्र ते ताडाच्या जातीचं झाड आहे. याच १५६५ च्या दोघांच्या समोरासमोर चेहऱ्यांच्या रायल अत्यंत दुर्मीळ आहेत. तशी एखादी स्वस्तात दिसली, तर ती नक्कल धरूनच चला.

एकटी मेरी. फेब्रुवारी १५६७ मध्ये डार्नलीचा खून झाला. त्यानंतरच्या नाण्यांवर झाड-कासव तेच, पण लेखात फक्त मेरीचं नाव.

सहावा जेम्स. जुलै १५६७ मध्ये मेरीला सिंहासन सोडायला लावलं आणि तिच्या तान्ह्या मुलाचा राज्याभिषेक झाला. त्याच्या रायलला 'सोर्ड डॉलर' म्हणतात. मागे उभी तलवार, तिच्या टोकावर मुकुट, बाजूला किमतीच्या आकड्याकडे बोट दाखवणारा हात. आकडा रोमन असल्यामुळे ओळखायला सोपा: तीन फुल्या म्हणजे तीस, दोन म्हणजे वीस, एक म्हणजे दहा. लेख 'प्रो मे सी मेरेओर इन मे'. अर्थ असा की ही तलवार माझ्या बाजूने, पण मी तशीच पात्रता दाखवली तर माझ्याविरुद्ध. ही नाणी १५६७ ते १५७१ या सालांची.

> तपासा: १५६७ हे साल तिन्ही प्रकारांवर आहे. फक्त साल वाचून "मेरीचं नाणं" म्हणू नका. साल, नाव आणि मागचं चित्र, तिन्ही जुळली पाहिजेत. झाड-कासवाच्या नाण्यावर १५६७ च्या पुढचं साल दिसलं तर तिथेच थांबा.

मेरीच्या त्याआधीच्या टेस्टून नावाच्या लहान नाण्यांवरही हाच मुकुट-थिसल मिळतो. १५५६ ते १५५८ च्या टेस्टूनचं वजन सुमारे ६.१ ग्रॅम. पाचव्या टप्प्यात त्यांचा पुन्हा उल्लेख येईल.

## ३. वजन आणि घनता

हाताने पाडलेल्या नाण्यांत थोडा फरक असतोच, वर साडेचारशे वर्षांची झीज. रायल २९ ते ३०.५ ग्रॅमच्या दरम्यान असेल तर काळजी नको. २८ च्या खाली गेली तर कारण डोळ्यांना दिसलं पाहिजे: कड कापलेली, भोक पाडलेलं किंवा लेखाची अक्षरं झिजून सपाट झालेली. कारण न दिसता वजन कमी असणं ही वाईट खूण आहे. वजन ३१ ग्रॅमच्या वर जाणंही तितकंच वाईट, आणि लोक तिकडे लक्षच देत नाहीत.

चांदीचा कस १२ पैकी ११ भाग, म्हणजे सुमारे ९१.६ टक्के. त्याची घनता १०.३ च्या आसपास येते. घरी मोजायची रीत अशी:

1. कोरडं नाणं मोजा. समजा २९.४० ग्रॅम भरलं.
2. शुद्ध पाण्याची वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा.
3. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात लोंबतं सोडा. पूर्ण बुडालं पाहिजे, पण तळाला किंवा भिंतीला टेकता कामा नये.
4. काट्यावरचा आकडा वाचा. समजा २.८५ आला.
5. २९.४० भागिले २.८५, म्हणजे १०.३२. ठीक.

आकडा ८.५ च्या आसपास आला तर पितळ, ७ च्या घरात आला तर कथलासारखा धातू. ९.९ म्हणजे जेमतेम दोन-तृतीयांश चांदी. एक-तृतीयांश रायलवर ही चाचणी सैल पडते, कारण तिथे पाण्यातला आकडा जेमतेम १ ग्रॅम असतो आणि काट्याची ०.०१ ची चूकसुद्धा उत्तर ०.१ ने हलवते. तीनदा मोजून सरासरी घ्या. नाण्याला बुडबुडे चिकटले तर मऊ ब्रशने काढा.

> सावधान: घनता बरोबर आली म्हणजे नाणं खरं ठरलं, असं नाही. आजच्या चांदीत ओतलेली नक्कलही १०.३ च दाखवते. या चाचणीने खोटं पकडता येतं, खरं सिद्ध होत नाही.

हॉलमार्किंग केंद्रातलं क्ष-किरण यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं. जुन्या चांदीच्या पृष्ठभागातलं तांबं काळाच्या ओघात निघून गेलेलं असतं, त्यामुळे आकडा ९१.६ पेक्षा जास्त येऊ शकतो. एकदा एका वाचकाने ९४ टक्क्यांचा निकाल पाहून खरं नाणं परत करायला काढलं होतं. तसं करू नका.

## ४. आता छाप

पहिला गोंधळ नाण्यावरच्या थिसलांचाच. मेरी-हेन्रीच्या ढालीशेजारचे थिसल चित्राचा भाग आहेत, ते पृष्ठभागाच्या वर उठलेले असतात. काउंटरमार्क धातूत खाली दबलेला असतो. दिवा जवळजवळ आडवा धरा, नाणं हळूहळू फिरवा आणि सावली कुठल्या बाजूला पडते ते पाहा. उठलेलं आणि दबलेलं यातला फरक लगेच कळतो. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत तो कळत नाही, म्हणून विक्रेत्याकडून आडव्या प्रकाशातला फोटो मागून घ्या.

दुसरा गोंधळ हृदय आणि ताऱ्याच्या छापेचा. ती वेगळी गोष्ट आहे. रीजंट मॉर्टनच्या (बालराजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्याच्या) काळात, १५७५ च्या सुमाराला, प्लॅक आणि हार्डहेड या हलक्या चांदीच्या छोट्या नाण्यांपैकी खरी कुठली हे दाखवायला ती मारली गेली. हृदय आणि तारा ही मॉर्टनच्या डग्लस घराण्याची चिन्हं. तिथे छाप सांगते "हे नाणं खरं आहे". थिसलची छाप सांगते "या नाण्याची किंमत आता वाढली आहे". रायलवर हृदय-तारा किंवा हार्डहेडवर मुकुट-थिसल दिसला तर नाणं तिथेच बाजूला ठेवा.

तिसरा गोंधळ खास आपल्याकडचा. आपल्या संग्राहकांची नजर रुपयावरच्या सराफी खुणांवर तयार झालेली असते. त्या खुणा सराफांनी आपल्या पडताळणीसाठी मारलेल्या, खासगी, आणि एकाच रुपयावर पाच-सहासुद्धा सापडतात. रायलवरची छाप सरकारी हुकुमाची, ठरलेल्या आकाराची. सराफी खूण असलेल्या रुपयाची किंमत उतरते, म्हणून इथेही ती "डागी नाणं" म्हणून सोडून देणारे भेटतात. उलट टोकाला "दुर्मीळ शाही शिक्का" म्हणून दुप्पट पैसे देणारेही भेटतात. दोघंही चुकतात. या नाण्यांवर ही छाप असणं ही नेहमीची बाब आहे, आणि छाप नसलेली नाणीही मिळतात. किंमत ठरते ती नाण्याच्या प्रकारावर, सालावर आणि अवस्थेवर.

भिंगाखाली तीन गोष्टी पाहा: मुकुट वेगळा ओळखू येतो का, थिसलचं गोल डोकं आणि देठ-पानं सुटी दिसतात का, आणि छापेची बाह्यरेषा सलग आहे का. अर्धवट किंवा तिरकी बसलेली छाप संशयास्पद नाही, हाताने मारताना तसं होतंच. मग नॅशनल म्युझियम्स स्कॉटलंड, ग्लासगोचं हंटेरियन आणि ब्रिटिश म्युझियम यांच्या संग्रहातली नाणी काढा, आणि मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या विक्रीतले फोटोही. निदान दहा छापा शेजारी ठेवून आपली छाप ताडून बघा. एकाच फोटोशी तुलना करून निर्णय घेऊ नका.

## ५. छाप आणि नाणं: दोघांचं नातं

खरं काम इथेच आहे, आणि नेमकं इथेच लोक थांबतात.

मागची बाजू पाहा. छाप मारताना नाणं कठीण ऐरणीवर ठेवलेलं असणार. वरून ठोका बसला की खालचं चित्र बरोबर त्याच जागी थोडं चेपतं. म्हणून छापेच्या नेमक्या पाठीमागे एक सपाट डाग दिसायला हवा. घड्याळाच्या काट्यांसारखी जागा नोंदवा. पुढे छाप ३ वाजताच्या जागी असेल, तर नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटल्यावर डाग ९ वाजताच्या जागी हवा. डाग भलतीकडेच असेल, तर तो मूळ ठोक्यातला कच्चेपणा असू शकतो. नाणं ओतीव असेल तर साच्यात हा चेपलेला भागही उतरतो, म्हणून नुसता डाग पुरेसा नाही.

वर काय, खाली काय. छाप लेखाच्या अक्षरावर बसली असेल तर तुमचं नशीब. अक्षराची रेष छापेच्या कडेशी वाकलेली, चेपलेली दिसते, आणि छाप नंतरची हे निर्विवाद कळतं. धातू बाजूला सरकून छापेभोवती अगदी बारीक उंचवटा येतो. नखाने नव्हे, आडव्या प्रकाशाने तो शोधा.

झिजेचा हिशेब करा. १५६५ ते १५७१ ची नाणी १५७८ मध्ये फार तर तेरा वर्षांची होती, काही तर जेमतेम सात. एवढ्या वर्षांत मोठं जड नाणं गुळगुळीत होत नाही. म्हणजे छाप मारली तेव्हा रायल बऱ्यापैकी ठसठशीत असणार, आणि नंतरची झीज नाणं आणि छाप दोघांनी मिळून सोसलेली असणार. छाप खोलात असल्यामुळे ती थोडी जास्त टिकते, हे मान्य. पण ढाल सपाट, लेख वाचता येत नाही आणि थिसलचा काटा न् काटा मात्र काल मारल्यासारखा, असं दिसलं तर छाप फार नंतरची असण्याची शक्यता मोठी. टेस्टूनला हा नियम तितका कडक लावू नका. ती १५७८ मध्ये वीस वर्षांची होती, हलकी होती आणि रोजच्या व्यवहारात जास्त फिरलेली.

रंग पाहा. छापेच्या खोलगट भागात बाहेरच्यासारखाच काळपटपणा हवा. बाहेर जुना राखाडी थर आणि आत चकचकीत धातू, किंवा आत काळा रंग भरल्यासारखा, दोन्ही वाईट.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. साडेबावीस टक्क्यांचा फायदा हे त्या काळीही छाप खोटी मारायला पुरेसं कारण होतं. म्हणजे नाणं खरं, झीज जुनी आणि छाप मात्र खोटी, पण तीही सोळाव्या शतकातलीच, असं होऊ शकतं. अशी छाप आकारात ओबडधोबड आणि ओळखीच्या नमुन्यांपेक्षा वेगळी असते, पण झिजेच्या चाचणीत पास होते. तसं नाणं टाकून देऊ नका, फक्त सरकारी छापेच्या नावाखाली विकत घेऊ नका आणि विकूही नका.

## ६. कड आणि दुरुस्त्या

ओतीव नकलेवर भिंगाखाली टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं आणि अक्षरांच्या मऊ, साबणासारख्या कडा दिसतात. व्हिक्टोरियन काळात संग्रहालयांसाठी दोन पत्र्यासारखे अर्धे भाग जोडून नकला केल्या जात. त्यांच्या कडेवर सांधा दिसतो आणि वजन जुळत नाही.

जुन्या दागिन्यातली नाणीही येतात. कडेला कडी लावलेली असेल तर मुकुटाच्या वरच्या बाजूला डाग दिल्याची खूण, कडेवर वेगळ्या रंगाची चांदी. भोक बुजवलेलं असेल तर त्या जागचं अक्षर हाताने कोरलेलं असतं, शेजारच्या अक्षरांच्या वळणाशी जुळत नाही. बुजवलेली जागा छापेच्या आसपास असेल तर दुप्पट सावध राहा.

## ७. खरेदी आणि कागदपत्रं

स्कॉटलंडचा कायदा इंग्लंडहून वेगळा आहे. तिथे जमिनीत सापडलेली जुनी वस्तू राजसत्तेची मानली जाते आणि ती कळवावी लागते. राज्याने ती ठेवून घ्यायची नाही असं ठरवलं तरच शोधणाऱ्याला परत मिळते. म्हणून "मेटल डिटेक्टरने सापडलेलं" असं वर्णन असेल, तर कुठे सापडलं हे विचारा आणि स्कॉटलंडमध्ये सापडलं असेल तर ते कळवल्याचा कागद मागा. जुन्या संग्रहातलं असेल तर जुनी चिठ्ठी, लिलावाचं साल आणि लॉट क्रमांक मागा. निर्यातीसाठी परवाना लागतो का, हे लिलावगृहाला बोली लावण्याआधीच लेखी विचारा.

पैशांचा हिशेब हातोडा पडला त्या किमतीवर करू नका. खरेदीदाराचं कमिशन अनेकदा २० टक्के किंवा अधिक असतं, वर त्यावरचा कर, विमा, टपाल आणि भारतातलं सीमाशुल्क. हे सगळं मिळवून जो आकडा येईल, ती तुमची कमाल किंमत.

> सावधान: भारतात आलेलं नाणं "आवडलं नाही, परत पाठवतो" हे सोपं नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूंत येतात आणि त्यांच्या निर्यातीवर निर्बंध आहेत. परदेशात नातेवाईक असतील तर नाणं आधी त्यांच्याकडे मागवा, दुसऱ्या ते पाचव्या टप्प्याचे फोटो आणि वजन त्यांच्याकडून घ्या, आणि खात्री झाल्यावरच इकडे आणा.

## ८. हातात आल्यावर

धुऊ नका. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, चांदी उजळायची पावडर, सोडा आणि अ‍ॅल्युमिनियमचा कागद, यातलं काहीही नाही. घरातल्या समयीला जे चालतं ते इथे चालत नाही. पाचव्या टप्प्यातला रंगाचा सगळा पुरावा एका धुण्यात निघून जातो, आणि पुढचा खरेदीदार तुमच्या छापेवर संशय घेतो.

पहिल्याच दिवशी नोंदकार्ड करा: वजन, व्यास, नाव आणि साल, छाप कुठल्या बाजूला आणि किती वाजताच्या जागी, पाठीमागचा डाग कुठे, छाप कुठल्या अक्षरावर, घनतेची तीन मोजमापं, खरेदीची तारीख आणि जुना इतिहास. सोबत चार फोटो: दोन्ही बाजू, छाप डावीकडून प्रकाश टाकून, तीच छाप उजवीकडून.

मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त अल्बमच्या पानांत चांदी ठेवू नका. त्या प्लॅस्टिकमधून हिरवट चिकट थर सुटतो आणि तो नेमका छापेच्या खोलगट जागी साचतो. आम्लमुक्त कागदाचं पाकीट किंवा कडक मायलारचा कप्पा घ्या. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर महिन्याला बदला. लाकडी कपाटात, विशेषतः नव्या प्लायवूडच्या खणात, डबा उघडा ठेवू नका. नाणं हाताळताना कडेनेच धरा, खाली मऊ कापड पसरून.

एखाद्या जाणकाराला फोटो पाठवणार असाल तर हे नोंदकार्ड आणि चारही फोटो एकत्रच पाठवा, छापेचा एकटा फोटो नको.